कुंडल रोडवर उतरलेला कारखाना : तीन दिवसांचा प्रवास

पुणे–मिरज लोहमार्गावर लहानपणापासून असंख्य वेळा प्रवास केला असला, तरी त्या मार्गावरील दोन नावांकडे मी कधी नीट लक्ष दिले नव्हते. एक किर्लोस्करवाडी, जे नाव स्थानकाच्या पिवळ्या पाटीवरच लिहिलेले आहे; आणि दुसरे ओगलेवाडी, जे पाटीवर नाही, पण कऱ्हाडला उतरणारा जुना प्रवासी आजही त्या स्थानकाला त्याच नावाने ओळखतो. दोन्ही वाड्यांची नावे कारखानदारांच्या आडनावांवरून पडलेली आहेत. कामगारांच्या सोयीसाठी रेल्वेने कारखान्याच्या दाराशी थांबा दिला असावा आणि थांब्याला कारखान्याचे नाव मिळाले असावे, अशी माझी सरळसोट समजूत होती. जानेवारीच्या अखेरीस तीन दिवसांची सवड मिळाली, तेव्हा दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष उतरून पाहायचे ठरवले. ती समजूत किमान किर्लोस्करवाडीपुरती साफ उलटी निघाली.

पहिला दिवस : पुणे ते ओगलेवाडी

पुण्याहून सकाळची गाडी घेतली आणि खिडकीची जागा मिळाली, यापलीकडे सुरुवातीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. मात्र सासवड रोड हे स्थानक मागे पडले तेव्हा एक गोष्ट सहज मनात आली आणि पुढे ती कामाला आली. ज्या स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ लागते, ते गाव सहसा स्थानकापासून दूर असते. रेल्वे गावापर्यंत जात नाही, गावाकडे जाणारा रस्ता जिथे फुटतो तिथे ती थांबते. सासवड रोडला उतरून सासवड दिसेल या भरवशावर बसलेला पाहुणा फसतोच. किर्लोस्करवाडीचे मूळ नाव ‘कुंडल रोड’ होते.

जेजुरी, नीरा, लोणंद मागे टाकून गाडी सालप्यानंतर आदर्कीच्या घाटात शिरली, की हा मार्ग किती वळणे घेत सह्याद्रीच्या फाट्यांमधून वाट काढतो ते कळते. घाट संपल्यावर वाठार, मग सातारा, कोरेगाव, आणि हळूहळू दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागतो. जानेवारीत तोडणी जोरात असते. फाटकांवर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या होत्या आणि उसाच्या फडांतून उठणारा धूर डब्यापर्यंत येत होता.

कऱ्हाड स्थानकावर दुपारी उतरलो. कऱ्हाड शहर येथून काही किलोमीटर दूर आहे. स्थानकाच्या परिसराला लागून आहे ती ओगलेवाडी. १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याने तिला हे नाव दिले. या कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत होता, आणि वीज गेल्यावर तो पुसून, वात कापून लावण्याचे काम ज्यांनी केले आहे, अशी पिढी अजून हयात आहे. माझ्या आजीच्या घरचा कंदील तोच होता. त्याच्या काचेवरची काजळी राखेने घासण्याचे काम माझ्याकडे असे.

आता कारखाना बंद आहे. स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या एका आजोबांशी गप्पा झाल्या. त्यांचे वडील भट्टीवर होते. काच तापवण्याचे काम कसे असते ते त्यांनी हाताच्या हालचालींनी इतके सुरेख दाखवले, की समोर नळी धरून फुंकणारा माणूसच उभा राहिला. “काच लई नाजूक माल बगा,” ते म्हणाले. “बैलगाडीतनं धाडली तर निम्मी वाटंतच फुटायची. पेंढ्यात गुंडाळून आगीनगाडीत घातली, की मुंबईपातुर सुखरूप.” स्थानकाशेजारी कारखाना का, याचे उत्तर मला पहिल्याच दिवशी चहाबरोबर मिळाले होते, पण ते नीट समजायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

त्यांच्याकडूनच आणखी एक धागा मिळाला. ओगलेवाडीची जागा पूर्वी औंध संस्थानात होती. इंग्रजी मुलूख आणि औंधचा मुलूख या भागात इतके एकमेकांत मिसळलेले होते, की शेजारच्या दोन गावांचे मालक वेगळे असत.

रात्री कऱ्हाडात मुक्काम केला. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर संध्याकाळी जाऊन बसावे. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात आणि काटकोनात वळून पुढे जातात, हे दृश्य फार ठिकाणी पाहायला मिळत नाही. जेवायला या भागात आख्खा मसूर आणि भाकरी मागावी. मसूर तिखट असतो. सोबत ताक असू द्यावे.

दुसरा दिवस : किर्लोस्करवाडी

कृष्णाकाठी जानेवारीत पहाटे दाट धुके असते. त्या दिवशी ते इतके होते, की गाडी दीड तास उशिरा आली आणि आली तेव्हा फक्त दिवा दिसत होता. या दिवसांत सकाळच्या गाडीवर पुढचे बेत घट्ट बांधू नयेत.

शेणोली आली तेव्हा धुके उठत होते. १९४३ च्या जूनमध्ये प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या भूमिगत समांतर सरकारच्या, तुफान सेनेतल्या तरुणांनी शेणोलीजवळ याच मार्गावरची गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम लुटली होती. प्रतिसरकारचे एक मोठे केंद्र कुंडल हे होते. म्हणजे मी ज्या स्थानकावर उतरणार होतो, त्याच्या जुन्या नावातले तेच गाव. पुढे भवानीनगर, ताकारी, आणि मग किर्लोस्करवाडी.

स्थानक नीटनेटके आहे आणि आकाराच्या मानाने त्याला मान बराच आहे. कोयना एक्सप्रेस येथे थांबते, आणि पुणे–कोल्हापूर वंदे भारतलाही येथे थांबा मिळालेला आहे. ज्या फलाटावर पूर्वी मीटरगेजचे छोटे डबे उभे राहत, तिथे आता रुंद रूळ आणि वर विजेच्या तारा आहेत. बाहेर आलो, की कारखाना चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप येथे आजही तयार होतात. आत जायला आधी परवानगी घ्यावी लागते आणि मी ती घेतलेली नव्हती. त्यामुळे मी कारखाना पाहिला तो फाटकापासून आणि कुंपणाच्या कडेकडेने. ज्यांना आत जायचे असेल त्यांनी काही आठवडे आधी पत्रव्यवहार करावा.

फाटकाच्या समोरच्या हॉटेलात मिसळ खात असताना शेजारच्या बाकावरच्या काकांनी, “पावणं, कुठलं?” अशी चौकशी केली. ते कारखान्यातून निवृत्त झालेले; ओतकाम विभागात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती आणि त्यांचे आजोबाही तिथेच होते. मी माझी समजूत त्यांना सांगितली, की रेल्वेने कामगारांसाठी हा थांबा दिला असणार. ते मोठ्याने हसले. “उलटं सांगताय तुमी. कारखान्यासाठी स्टेशन न्हाई आलं. स्टेशन बगून कारखाना आला.”

पुढचे दोन तास आम्ही चालत होतो आणि ते बोलत होते. त्यांनी जे सांगितले आणि मी पूर्वी जे वाचले होते, ते एकत्र करून येथे मांडतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांना चित्रकार व्हायचे होते आणि त्यासाठी ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांमधला फरक डोळ्यांना नीट कळत नाही हे लक्षात आल्यावर रंगकाम सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्यांनी तोच विषय शिकवला. बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले म्हणून नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर, रामूअण्णांबरोबर, सायकलींचे दुकान काढले. सायकलींवरून कडबा कापण्याचे यंत्र, आणि तिथून लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळे सुरुवातीचे नांगर वर्ष-दोन वर्षे पडून राहिले होते. व्यवसाय कुठे बाळसे धरू लागला, तोच बेळगाव नगरपालिकेने गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले.

त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंधच्या राजेसाहेबांच्या एका बांधकामाचे काम होते. औंधच्या गादीवर नुकतेच आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना ही अडचण कळली आणि त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. औंध संस्थान म्हणजे एक सलग प्रदेश नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल असे त्याचे तुकडे एकमेकांपासून दूर विखुरलेले होते. त्यांपैकी कुंडलचा तुकडा मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या मार्गाला लागून होता आणि त्याला स्थानक होते. नांगर करायला लोखंड आणि दगडी कोळसा बाहेरून आणावा लागतो आणि तयार झालेले वजनदार नांगर पुन्हा बाहेर धाडावे लागतात. हे सारे बैलगाडीने दूरवर ओढत नेणे परवडणारे नव्हते. मोठे गाव, बाजारपेठ, पाणी यांपैकी काहीही नसले तरी चालेल, पण रूळ जवळ हवेत, असा हा हिशेब होता. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. साल १९१०.

जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते आणि त्यात नागांचा सुळसुळाट. “आजा सांगायचा,” काका म्हणाले, “रोज सकाळी आधी सापच मारायचं काम.” पहिल्या कामगारांची कुटुंबे निवडुंग तोडून उभारलेल्या झोपड्यांत राहिली, मग घरे झाली, मग शाळा, बागा, छापखाना. टाटांचे जमशेदपूर तेव्हा नुकतेच आकार घेत होते. खेडेगावाच्या कुशीत, कारखान्याभोवती आखून वसवलेली वस्ती महाराष्ट्राने त्याआधी पाहिली नव्हती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालदार म्हणून नेमल्याची हकीकत प्रसिद्धच आहे, आणि काकांनी ती सांगताना, त्या दिवसांत वाडीत चोरी झाली नाही, हे ठासून सांगितले.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, ही गोष्ट या भागात कोणालाही विचारा, तो सांगतो. काकांनीही सांगितली. “तोफंचा नांगुर झाला,” एवढेच तीन शब्द, पण ते सांगताना ते थांबले आणि मी ऐकले आहे ना, याची त्यांनी खात्री करून घेतली.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. पुढे ते ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याला येऊन मिळाले. चार घरांच्या वाडीतून तीन मासिके सबंध महाराष्ट्रात जात होती, याचे मला फार वर्षे आश्चर्य वाटत आले होते. स्थानकाच्या फलाटावर उभे राहिले, की ते आश्चर्य ओसरते. नांगर ज्या वाटेने जात, त्याच वाटेने अंकांचे गठ्ठेही जात. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ज्यांनी ‘किर्लोस्कर’मधून वाचले, त्यांच्या हाती ते याच फलाटावरून पोहोचले.

कामगार नंतर आजूबाजूच्या गावांतून येऊ लागले. काका स्वतः भिलवडीकडून गाडीने येत. पाळीच्या वेळा आणि गाडीच्या वेळा जुळवून घेण्याची एक कसरत असे. गाडी चुकली, की सायकल, आणि सायकल पंक्चर झाली, की रुळांच्या कडेने चालत. कारखान्याचा भोंगा झाला, की आसपासच्या शेतांतली माणसे न्याहारीला बसत, असे त्यांनी सांगितले. घड्याळ घरात नसलेल्या गावांना भोंगा आणि गाडीची शिट्टी एवढी दोनच घड्याळे होती. स्थानक आधी आले खरे, पण पुढच्या तीन पिढ्यांनी ते कामगारांचा थांबा म्हणूनच वापरले. त्यामुळे माझी समजूत पूर्ण चुकीची होती असेही म्हणता येत नाही, फक्त क्रम चुकला होता.

एका विषयावर काका फारसे बोलले नाहीत. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीही सापडली. “आमचीच मानसं हुती, दुसरी कोन येनार,” एवढे म्हणून त्यांनी विषय बदलला आणि मीही पुढे विचारले नाही.

दुपारी जीपने कुंडलला गेलो. स्थानकापासून चार-पाच किलोमीटरचा रस्ता आहे, आणि ‘रोड’ या शब्दाचा अर्थ तो पार करताना बरोबर समजतो. कुंडल हे जैनांचे जुने तीर्थस्थान आहे. डोंगरावरच्या पार्श्वनाथाच्या दर्शनाला लांबून लोक येतात. चढण फार नाही, पण दुपारच्या उन्हात पाणी जवळ हवे. वरून खाली पाहिले, की कृष्णेच्या खोऱ्यातला ऊस, त्यातून गेलेली लोहमार्गाची रेघ आणि तिच्या कडेला कारखान्याची छपरे एका नजरेत येतात. १९१० साली येथून पाहणाऱ्याला निवडुंग दिसला असता.

वेळ असेल तर सागरेश्वरचे अभयारण्य आणि यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे जवळच आहे. मला ते जमले नाही. मुक्काम पलूसला केला. खानावळीत भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत आणि शेंगदाण्याची चटणी होती. भरताची वांगी याच दिवसांत खावीत.

तिसरा दिवस : औंध

३२ एकर देणाऱ्या माणसाचे गाव पाहिल्याशिवाय परतायचे नाही, असे रात्री ठरवले. सकाळच्या गाडीने उलट दिशेला निघून रहिमतपूरला उतरलो आणि तिथून जीपने औंध गाठले. वाटेत एका गुऱ्हाळावर चालकाने स्वतःहून गाडी थांबवली. गरम काकवी द्रोणातून प्यायला मिळाली आणि एक किलोची गुळाची ढेप पिशवीत आली.

औंधला यमाईचा डोंगर आणि त्याच्या कुशीत श्री भवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून लोकांना माहीत असतात. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपले अधिकार प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना दिली, हे त्या मानाने कमी लोकांना माहीत असते. ते स्वतः चित्रकार होते, हे मला वाचून माहीत होते, पण त्यांनी काढलेली रामायणावरची चित्रे समोर पाहिली तेव्हा दोन गोष्टी एकदम जोडल्या गेल्या. रंग ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडावी लागलेला एक माणूस, आणि राज्य चालवण्यातून वेळ काढून आयुष्यभर चित्रे काढणारा दुसरा. त्यांच्या स्नेहात याचा वाटा होता की नाही हे मला सांगता येणार नाही. पण एका चित्रकाराने दुसऱ्याला उजाड माळ आणि रेल्वेचे स्थानक देऊ केले, असे त्या दालनात उभे राहिल्यावर वाटले खरे.

संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत, आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचे आई व बाळ यांचे एक दगडी शिल्पही आहे. ते पाहून मी अक्षरशः थबकलो. लंडन-न्यूयॉर्कच्या दालनांत शोभणारी वस्तू खटाव तालुक्यातल्या एका डोंगराखाली, शांतपणे, कोणतीही गडबड न करता ठेवलेली आहे. सोबतच्या शाळेच्या सहलीतल्या एका मुलीने शिक्षिकेला विचारले, “बाई, हिला डोळे का नाहीत?” बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “तू जवळ जाऊन बघ बरं.” मुलगी गेली, आणि बराच वेळ परत आली नाही.

संग्रहालयाचा सुट्टीचा वार आणि बंद होण्याची वेळ आधी फोन करून विचारून घ्यावी. किमान तीन तास हाताशी ठेवावेत. यमाईच्या डोंगरावर जायचे असेल तर ते सकाळी उरकावे, कारण पायऱ्या दुपारी तापतात. आणि औंधहून रहिमतपूरला परतणारी शेवटची जीप किती वाजता सुटते, ते उतरल्या उतरल्याच विचारावे. मी विसरलो होतो. ती जीप उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकून उशिरा आली म्हणूनच मला मिळाली, आणि रहिमतपूरच्या फलाटावर पोहोचलो तेव्हा पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचा दिवा दिसू लागला होता.